उरुग्वेच्या जर्सीवरचे चार स्टार खरे आहेत

गेल्या महिन्यात माझा भाचा उरुग्वेची आकाशी जर्सी घालून आला. बिल्ल्याच्या वर चार स्टार. वर्गातल्या पोरांनी त्याला सांगितलं होतं की तुझी जर्सी डुप्लिकेट आहे, उरुग्वेनं वर्ल्ड कप दोनदाच जिंकलाय, १९३० आणि १९५०, मग चार स्टार आले कुठून? पोरगं हिरमुसलं होतं. "मामा, दुकानदारानं फसवलं काय?" आमच्या कोल्हापुरात वर्ल्ड कप आला की पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, कटआउट उभे राहतात, पण उरुग्वेचा झेंडा मी तरी अजून बघितलेला नाही, त्यामुळं या पोरानं ती जर्सी निवडली याचंच मला कौतुक वाटलं होतं. त्याला म्हटलं, जर्सी बरोबर आहे, चारही स्टार बरोबर आहेत, बस इथं, सांगतो.

त्याला जे सांगितलं ते इथं सविस्तर लिहितोय, कारण हा वाद मोठी माणसंसुद्धा फार वाईट पद्धतीनं घालतात. २०२१ मध्ये फिफानं जर्सी बनवणाऱ्या कंपनीला दोन स्टार, म्हणजे उरुग्वेनं १९२४ आणि १९२८ ला जिंकलेल्या ऑलिम्पिक फुटबॉलचे, काढायला सांगितल्याची बातमी आली तेव्हापासून तर एक बाजू म्हणते "ऑलिम्पिक म्हणजे वर्ल्ड कप नव्हे, विषय संपला" आणि दुसरी बाजू कुठल्यातरी जुन्या कागदाचा फोटो टाकून म्हणते "फिफानंच मान्यता दिलीय, विषय संपला". दोघंही नाव काय होतं आणि शिक्का कुणाचा होता एवढ्यावरच भांडतात. मैदानात कोण उतरलं, कुणी कुणाला हरवलं, गोल कुणी मारले हे कुणी विचारतच नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो, १९२४ चं पॅरिस आणि १९२८ चं अ‍ॅमस्टरडॅम ही दोन्ही जगज्जेतेपदं आहेत आणि ती तशीच मोजली पाहिजेत. मी त्यांना वर्ल्ड कप म्हणत नाहीये. वर्ल्ड कप हे १९३० पासूनच्या एका स्पर्धेचं नाव आहे. त्या स्पर्धेच्या आधी जगात सगळ्यात भारी टीम कोण हे ठरवणारी दुसरी कुठली जागा होती का, एवढाच प्रश्न आहे, आणि ती जागा ऑलिम्पिक होती.

समोरच्यांचे मुद्दे हलके नाहीत हे मान्य केलंच पाहिजे. सगळ्यात मोठा मुद्दा अ‍ॅमॅच्युअरचा, म्हणजे खेळाचा पगार न घेणाऱ्या खेळाडूंचा. १९१४ च्या काँग्रेसमध्ये, म्हणजे आपल्या सभेत, फिफानं ठरवलं की आपल्या नियमांनुसार खेळली गेली तर ऑलिम्पिकची फुटबॉल स्पर्धा जगज्जेतेपद म्हणून धरू, पण त्या ठरावात "अ‍ॅमॅच्युअरांचं" हा शब्द आहे, आणि चार स्टारवाले हा शब्द नेहमी गाळतात, जे चुकीचं आहे. इंग्लंडचे पगारी खेळाडू तिथं नव्हते, ब्रिटननं टीमच पाठवली नाही. दुसरा मुद्दा, १९२४ ला दक्षिण अमेरिकेतून एकटी उरुग्वे गेली होती. अर्जेंटिना नाही, ब्राझील नाही. उरुग्वे पॅरिस जिंकून घरी आली आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला ब्युनोस आयर्समध्ये अर्जेंटिनाकडून २-१ नं हरली, त्या मॅचमध्ये सेसारेओ ओन्सारीनं कॉर्नरवरून थेट गोल मारला आणि ऑलिम्पिक चॅम्पियनला मारला म्हणून अशा गोलाला आजही "गोल ऑलिंपिको" म्हणतात. म्हणजे जगज्जेत्यांना शेजाऱ्यांनी चार महिन्यांत हरवलं. तिसरा मुद्दा माझ्या मते सगळ्यात अवघड आहे: खुद्द फिफाच्याच लोकांना विसाच्या दशकात वाटायला लागलं होतं की ऑलिम्पिकच्या चौकटीत हा खेळ मावत नाही, म्हणून तर १९२८ ला त्यांनी वेगळा वर्ल्ड कप काढायचं ठरवलं. ऑलिम्पिक पुरेसं होतं तर नवीन स्पर्धा कशाला?

आता अ‍ॅमॅच्युअरचा मुद्दा घेऊ. ही अट लावायची तर सगळ्यांना लावा ना. १९३० चा वर्ल्ड कप उरुग्वेनं जिंकला, फायनलमध्ये अर्जेंटिनाला ४-२ नं हरवलं, त्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. पण त्या दिवशी सेंतेनारिओ स्टेडियममध्ये उतरलेल्या दोन्ही टीम कागदोपत्री अ‍ॅमॅच्युअरच होत्या! अर्जेंटिनात प्रोफेशनल फुटबॉल आलं १९३१ ला, उरुग्वेत १९३२ ला, ब्राझीलमध्ये १९३३ ला. म्हणजे उरुग्वेचा कॅप्टन नासासी घ्या, १९२८ चा अ‍ॅमॅच्युअर नासासी चॅम्पियन नाही आणि १९३० चा अ‍ॅमॅच्युअर नासासी चॅम्पियन, असं कसं चालेल? माणूस तोच, कॅप्टन तोच, पोटापाण्यासाठी संगमरवर कापायचा. त्याच्याच टीममधला पेद्रो सेआ बर्फ विकायचा, पेट्रोने भाजीपाला विकायचा, आंद्रादेनं बुटांना पॉलिश केलेलं. नासासी, आंद्रादे, सेआ आणि स्कारोने हे चौघं तिन्ही स्पर्धा जिंकले. आणि त्या काळात अ‍ॅमॅच्युअर कुणाला म्हणायचं हे प्रत्येक देशाची असोसिएशन स्वतः ठरवायची, खेळायला गेल्यामुळं बुडालेला रोज भरून द्यायचा की नाही यावरूनच तर ब्रिटिश असोसिएशन १९२८ ला फिफातून बाहेर पडल्या. त्यामुळं ऑलिम्पिकमध्ये हौशी, कच्ची पोरं खेळत होती असं डोक्यात चित्र असेल तर ते पुसून टाका. १९२४ ला स्पेनच्या गोलमध्ये झामोरा उभा होता, त्या काळातला जगातला सगळ्यात गाजलेला गोलकीपर.

बरं, किती टीम आल्या होत्या? पॅरिसला २२, अ‍ॅमस्टरडॅमला १७, आणि १९३० च्या वर्ल्ड कपला १३. युरोपातून उरुग्वेच्या राजधानीला, माँटेविडिओला, बोटीनं किती जण पोहोचले? चार. फ्रान्स, बेल्जियम, रुमानिया, युगोस्लाव्हिया. इटली नाही, स्पेन नाही, जर्मनी नाही, ऑस्ट्रिया नाही, हंगेरी नाही, इंग्लंड तर नाहीच. ब्राझील आली पण रिओ आणि साओ पाउलोच्या असोसिएशनांच्या भांडणामुळं साओ पाउलोचे जवळजवळ सगळे खेळाडू घरीच राहिले. आता अ‍ॅमस्टरडॅम बघा. प्रोफेशनल झाल्यामुळं ऑस्ट्रिया, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया तिथं नव्हते, हे खरंय आणि लपवायचं कारण नाही, पण ते १९३० लाही नव्हते. उलट अ‍ॅमस्टरडॅमला इटली होती, स्पेन होती, जर्मनी होती, पोर्तुगाल होतं आणि या वेळी अर्जेंटिनाही पूर्ण ताकदीनं होती. उरुग्वेनं हॉलंडला त्यांच्याच घरी २-० नं हरवलं, जर्मनीला ४-१, सेमीफायनलला इटलीला ३-२, मग अर्जेंटिनाशी १-१ झाली, तीन दिवसांनी परत खेळले आणि २-१ नं जिंकले. हा रस्ता कुठल्या वर्ल्ड कपपेक्षा सोपा वाटतो? मला विचाराल तर पॅरिसबद्दल अजून वाद घालता येईल, ओन्सारीचा तो कॉर्नर माझ्याही डोक्यातून जात नाही, पण अ‍ॅमस्टरडॅम १९३० पेक्षा कणभरही हलकं नव्हतं, थोडं जडच होतं.

आणि इथं स्ट्रायकर लोकांचा विषय येतो, ज्याच्यामुळं मला हे सगळं मनापासून लागतं. गिलेर्मो स्ताबिलेचं नाव फुटबॉल बघणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत असतं, पहिल्या वर्ल्ड कपचा टॉप स्कोरर, चार मॅच आठ गोल. टीमचा कॅप्टन मानुएल फेरेइरा परीक्षा द्यायला घरी गेला म्हणून मेक्सिकोविरुद्ध याला घेतलं आणि यानं पहिल्याच मॅचला हॅटट्रिक मारली, अर्जेंटिनासाठी त्याच्या मॅच त्या चारच. सुंदर गोष्ट आहे, सांगायलाच पाहिजे. पण डोमिंगो तारास्कोनी हे नाव किती जणांनी ऐकलंय? स्ताबिलेच्या दोन वर्षं आधी त्याच देशाच्या या स्ट्रायकरनं अ‍ॅमस्टरडॅमला ११ गोल मारले. अमेरिकेला चार, बेल्जियमला चार, इजिप्तला तीन. कुणी म्हणेल की असल्या टीमना मारले, फायनलच्या दोन्ही मॅचला त्याला एकही मारता आला नाही. बरोबर आहे, नाही मारता आला. पण मग स्ताबिलेचे आठ कुणाला मारलेत? मेक्सिकोला तीन, चिलीला दोन, अमेरिकेला दोन आणि फायनलला एक. अमेरिका तर दोघांच्याही यादीत आहे! एकाचे गोल वर्ल्ड कपच्या रेकॉर्डमध्ये पहिल्या पानावर आणि दुसऱ्याचे तळटिपेतही नाहीत, का, तर पहिल्याच्या स्पर्धेला कप होता आणि दुसऱ्याच्या स्पर्धेला मेडल.

पेद्रो पेट्रोनेचं तर अजून वाईट वाटतं. पॅरिसला गेला तेव्हा तो १८ वर्षांचा होता. त्या टीमच्या प्रवासाला पैसे नव्हते, आतिलिओ नारांसिओ या असोसिएशनच्या माणसानं स्वतःचं घर गहाण टाकलं. (हे वाचताना मला दरवेळी आमचे खाशाबा जाधव आठवतात, १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपलं घर गहाण ठेवलं होतं.) स्वस्तातल्या तिकिटानं बोटीतून स्पेनला उतरले, खर्च भागवायला तिथं नऊ मॅच खेळले, नऊच्या नऊ जिंकले आणि मग पॅरिस. पहिली मॅच युगोस्लाव्हियाशी. उरुग्वेत आजही सांगतात की समोरच्यांची माणसं प्रॅक्टिस बघायला आलीत हे कळल्यावर यांनी मुद्दाम बॉल आभाळात मारले, एकमेकांना धडकले, बघणाऱ्यांना वाटलं बिचारी लांबून आलीत. मॅचचा निकाल ७-०. मग अमेरिका ३-०, फ्रान्सला फ्रान्समध्ये ५-१, हॉलंड २-१ आणि पॅरिसजवळच्या कोलोंबच्या मैदानावर चाळीस हजारांवर लोकांसमोर फायनलला स्वित्झर्लंड ३-०. फायनलचा पहिला गोल पेट्रोनेचा, स्पर्धेत सगळ्यात जास्त गोलही त्याचेच, सात. अठराव्या वर्षी फायनलमध्ये गोल म्हटलं की आपल्याला १९५८ चा १७ वर्षांचा पेले आठवतो, आठवलाच पाहिजे, पण त्याच्या ३४ वर्षं आधी एक भाजीवाला पोरगा असंच करून गेला हे कुणी पुढच्या पिढीला सांगितलं?

"पण समोर प्रोफेशनल असते तर?" हा प्रश्न लोक असा विचारतात जणू त्याचं उत्तर कधी मिळणारच नाही. उत्तर तर मिळालंय. पेट्रोने १९३१ ला फिओरेंतिनाला गेला आणि इटलीच्या लीगमध्ये पहिल्याच सीझनला २५ गोल मारून टॉप स्कोरर झाला. बरोबरीला कोण होतं? बोलोन्याचा आंजेलो स्कियाविओ, त्याचेही २५. हा स्कियाविओ कोण? १९२८ ला अ‍ॅमस्टरडॅमला ब्राँझ घेतलेल्या इटलीच्या टीममधला. आता १९३४ च्या वर्ल्ड कप फायनलला या. इटली विरुद्ध चेकोस्लोव्हाकिया, रोममध्ये, मॅच संपायला दहाएक मिनिटं उरलेली असताना इटली एका गोलानं मागे. बरोबरीचा गोल मारला राइमुंडो ओर्सीनं, जो अ‍ॅमस्टरडॅमला अर्जेंटिनाकडून खेळून सिल्व्हर घेऊन आला होता आणि नंतर युव्हेंटसला गेला. एक्स्ट्रा टाइममध्ये विजयी गोल मारला स्कियाविओनं. मधल्या फळीत लुईस मोंती, तोसुद्धा अ‍ॅमस्टरडॅमची फायनल खेळलेला अर्जेंटाइन. गोलमध्ये कोम्बी, तोसुद्धा १९२८ चा. म्हणजे ज्या वर्ल्ड कपबद्दल कुणाला शंका नाही त्याच्या फायनलमधले इटलीचे दोन्ही गोल ऑलिम्पिकमध्ये उरुग्वेच्या मागं राहिलेल्या माणसांनी मारलेत. सहा वर्षांनी जे लोक जगज्जेते ठरले त्यांना, ते ऐन तारुण्यात असताना, उरुग्वेनं समोरासमोर हरवलं होतं. याहून पक्का पुरावा अजून काय द्यायचा?

इंग्लंडचं काय, हा प्रश्न मात्र खुला राहतो आणि तो राहू द्यावा. १९२४ ला इंग्लंडची पगारी टीम उरुग्वेला हरवू शकली असती का? शक्य आहे. मला माहीत असलेलं एवढंच की १९२९ ला इंग्लंड माद्रिदमध्ये स्पेनकडून ४-३ नं हरलं, आणि १९५० ला पहिल्यांदा वर्ल्ड कपला आलं तेव्हा अमेरिकेकडून १-० नं. जो आलाच नाही त्याच्या न येण्यामुळं जो आला आणि जिंकला त्याचं मेडल कमी कसं होतं? टेनिसमध्ये १९६८ पर्यंत प्रोफेशनल खेळाडूंना विम्बल्डनला बंदी होती. रॉड लेव्हरनं १९६२ ला चारही ग्रँड स्लॅम जिंकली ती अ‍ॅमॅच्युअर म्हणून, त्या वेळचे कितीतरी भारी खेळाडू स्पर्धेतच नव्हते, तरी ती चारही त्याच्या नावावर आहेत.

आणि आपल्या हॉकीचं बोला की. १९२८, तेच अ‍ॅमस्टरडॅम, तेच ऑलिम्पिक. २६ मे ला भारतानं हॉकीची फायनल हॉलंडविरुद्ध ३-० नं जिंकली आणि दुसऱ्या दिवशी तिथं फुटबॉलची स्पर्धा सुरू झाली. ध्यानचंदांचे १४ गोल, भारताचे पाच मॅचमध्ये २९, आणि अंगावर एकही घेतला नाही. ब्रिटननं हॉकीचीही टीम पाठवली नव्हती. सगळे खेळाडू अ‍ॅमॅच्युअर. हॉकीचा वर्ल्ड कप सुरू झाला १९७१ ला. आता जो नियम उरुग्वेला लावताय तोच इथं लावला तर भारत हॉकीत आयुष्यात एकदाच जगज्जेता झाला, १९७५ ला, आणि ध्यानचंद कधीच जगज्जेते नव्हते. हे म्हणायची कुणाची तयारी आहे? माझी नाही, आणि वर्ल्ड कप या नावावर अडून बसणाऱ्या एकाही भारतीय माणसाची असेल असं मला वाटत नाही.

राहिला फिफाचा शिक्का. फिफा आज म्हणते की वर्ल्ड कप १९३० पासून, ठीक आहे, ते नाव त्यांचं आहे. पण याच फिफानं २०१७ ला काय केलं? १९६० ते २००४ पर्यंतच्या इंटरकॉन्टिनेंटल कपच्या विजेत्यांना क्लबचे जगज्जेते म्हणून मान्यता दिली. ती स्पर्धा फिफाची नव्हती, युरोपचा एक क्लब आणि दक्षिण अमेरिकेचा एक क्लब एवढेच खेळायचे. मी म्हणतो बरोबर केलं, कारण मैदानावर जे खरं होतं ते कागदावर आणलं. मग जी स्पर्धा फिफानं स्वतः चालवली, जिच्यात चार खंडांतल्या टीम आल्या, तिच्यासाठी वेगळा न्याय कशाला? काही जण म्हणतात असं केलं तर १९०८ आणि १९१२ चं ब्रिटन, १९२० चं बेल्जियम सगळेच स्टार मागतील. नाही मागता येणार. १९२० ला इजिप्त सोडून सगळे युरोपातलेच होते, फायनल तर अर्ध्यावर चेकोस्लोव्हाकियाची टीम मैदान सोडून गेल्यामुळं संपली. दक्षिण अमेरिका आल्याशिवाय जगज्जेतेपद कसलं? आणि १९३० नंतर वर्ल्ड कपच आहे, त्यामुळं पुढची ऑलिम्पिक गोल्ड त्या लायकीची उरत नाहीत. १९५६ ला मेलबर्नला आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारली, भारत चौथा आला, मला त्याचा प्रचंड अभिमान आहे, तरी भारत तेव्हा जगात चौथा होता असं मी म्हणणार नाही, कारण जगातल्या भारी टीम दोन वर्षं आधी दुसरीकडं खेळून गेल्या होत्या. दोनच ऑलिम्पिक या मापात बसतात, आणि स्टारही दोनच जास्तीचे लावलेत.

एवढासा देश, तेव्हा लोकसंख्या वीस लाखांच्याही आत, जिंकला कसा हेही बघायला पाहिजे, म्हणजे लॉटरी लागली असं कुणाला वाटणार नाही. दक्षिण अमेरिकेचं पहिलं चॅम्पियनशिप १९१६ ला ब्युनोस आयर्सला झालं. पहिल्याच मॅचला उरुग्वेनं चिलीला ४-० नं हरवलं, दोन गोल पिएंदिबेनेचे, दोन इसाबेलिनो ग्रादिनचे. चिलीनं तक्रार केली की उरुग्वेनं टीममध्ये दोन आफ्रिकन घेतलेत, म्हणून निकाल रद्द करा. ते दोघं म्हणजे ग्रादिन आणि हुआन देल्गादो, दोघंही उरुग्वेचेच नागरिक, गुलामांचे वंशज. तक्रार टिकली नाही, उरुग्वे चॅम्पियन झाली आणि ग्रादिन टॉप स्कोरर. तेव्हा ब्राझीलचा सगळ्यात मोठा स्ट्रायकर फ्रिडेनराइख, जर्मन बापाचा आणि काळ्या आईचा मुलगा, केस चापूनचोपून सरळ केल्याशिवाय मैदानात यायचा नाही. (त्याच्या नावावर १३२९ गोल सांगतात तो आकडा खरा नाही, साडेपाचशेच्या आसपास असावेत, तेही काही कमी नाहीत. जुन्या खेळाडूंची बाजू घेताना फुगवलेले आकडे वापरले की चांगली केस कमकुवत होते.) उरुग्वे त्या काळात आपल्याकडं जे जे चांगले होते ते सगळे खेळवत होती, रंग न बघता, हात न बघता. १९३० च्या फायनलचा शेवटचा गोल मारणाऱ्या एक्तोर कास्त्रोचा उजवा हात कोपराच्या खाली नव्हता, तेराव्या वर्षी करवतीत गेलेला. १९१६ ते १९२९ मध्ये दक्षिण अमेरिकेची बारा चॅम्पियनशिप झाली, त्यातली सहा उरुग्वेनं जिंकली, अर्जेंटिनानं चार, ब्राझीलनं दोन. अशी टीम युरोपात जाऊन दोनदा जिंकते यात नवल ते काय?

भाच्याला मी शेवटी मोबाईलवर सेंतेनारिओ स्टेडियमचा फोटो दाखवला. १९३० च्या वर्ल्ड कपसाठी बांधलेलं, १९८३ ला फिफानं त्याला जागतिक फुटबॉलचं ऐतिहासिक स्मारक म्हणून जाहीर केलं. त्याच्या दोन गोलपोस्टच्या मागं जे स्टँड आहेत त्यांची नावं मी त्याला वाचायला लावली. एका बाजूला कोलोंब, दुसऱ्या बाजूला अ‍ॅमस्टरडॅम. दुसऱ्या दिवशी तो तीच जर्सी घालून खेळायला गेला.